निवृत्त फौजदार आणि आमची लालपरी

(मंडळाच्या ‘छंद माझा वेगळा’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सर्वप्रथम मंडळाच्या कार्यकारिणीचे आभार. माझ्याआधी बोललेल्या काकूंनी बोन्सायबद्दल इतकं सुंदर सांगितलं, त्यांच्याही आधी एकांनी तबल्याबद्दल सांगितलं. आता मी उठून सांगणार की माझा छंद म्हणजे पोलिसांनी टाकून दिलेली गाडी रोज ऑफिसला चालवणे. आमच्या सौ. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्हाला या छंदाबद्दल घरचं मत कळेलच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती गाडी पार्किंग लॉटमध्ये पाहिली आहे. गेल्या गणपतीत एका काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "काय रे, नोकरी ठीक आहे ना?" काका, नोकरी ठीक आहे. गाडी मी हौसेने घेतली आहे.

गाडीचं नाव फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर. १९९२ च्या मॉडेलपासून २०११ पर्यंत अमेरिकेत तुम्हाला आरशात दिसून ज्या गाडीने पोटात गोळा आणला, ती बहुधा हीच. पोलीस गाड्यांमध्ये तिला एकच खरी प्रतिस्पर्धी होती, शेवरोले कॅप्रिस. तिचं उत्पादन १९९६ मध्ये बंद झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं या धंद्यात क्राऊन व्हिक्टोरियाचंच राज्य होतं. कॅनडात ओंटारियोमधल्या सेंट थॉमसच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १५ सप्टेंबर २०११ ला शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखानाही बंद झाला.

या गाड्या चालवणाऱ्यांचा इथे एक मोठा संप्रदायच आहे. ते गाडीला ‘पी-७१’ म्हणतात. गाडीच्या व्हिन नंबरात पाचवं, सहावं आणि सातवं अक्षर मिळून ‘पी७१’ आलं की समजायचं, ही खरी पोलिसातली. या वेडाची मुळंही आपल्या गावाजवळच आहेत बरं का. १९८० सालचा ‘द ब्लूज ब्रदर्स’ चित्रपट आठवतो? त्यातल्या भावांची गाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी पोलीस गाडी, १९७४ ची डॉज मोनॅको, आणि ती आपल्या शेजारच्या माउंट प्रॉस्पेक्टच्या पोलिसांची दाखवली आहे.

आपल्याकडेही हे वेड नवं नाही. मिलिटरी डिस्पोजलची जीप किंवा बुलेट घेतलेला एखादा मामा किंवा काका प्रत्येकाच्या नात्यात असतोच. सरकारने वापरलेली वस्तू म्हणजे दणकट, आणि लिलावात मिळाली म्हणजे स्वस्त, हा हिशोब जगभर सारखाच आहे.

आता मूळ मुद्दा. पोलिसांच्या गाडीत असं असतं तरी काय? नुसता रंग आणि दिवे नव्हेत. ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन साध्या क्राऊन व्हिक्टोरियातही होतं, पण पोलीस गाडीत इंजिन ऑइल थंड करायला वेगळा कूलर, गिअरबॉक्सच्या ऑइलला वेगळा, स्टिअरिंगच्या ऑइललाही वेगळा. स्प्रिंगा जाड. रेडिओ, दिवे आणि लॅपटॉप सगळं एकदम चालावं म्हणून ऑल्टरनेटर दांडगा. स्पीडोमीटर १४० मैलांपर्यंत आणि तो प्रमाणित, कारण त्याच्या आकड्यावर कोर्टात केस उभी राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली स्वतंत्र पोलादी चासी आणि वर बॉडी. आजकालच्या बहुतेक मोटारींची बॉडी आणि सांगाडा एकच असतो, तसं इथे नाही. फुटपाथवर चढली, खड्ड्यात आपटली तरी दुरुस्त होते.

आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर तुमची कॅमरी म्हणजे घरचा लॅपटॉप आणि ही म्हणजे डेटा सेंटरमधला सर्व्हर. दिसायला ओबडधोबड, वीज खाणार, आवाज करणार, पण चोवीस तास चालू राहायला बनवलेला.

२०१५ साली मी ती घेतली. जवळच्याच एका गावाच्या पोलीस खात्याच्या लिलावात, २००८ चं मॉडेल, पांढरा रंग, ९४ हजार मैल, २३५० डॉलर. लिलावाच्या कागदावर लिहिलेलं असतं की गाडी ‘आहे तशी, आहे तिथे’ विकली जाते. आपल्या सरकारी टेंडरच्या नोटिशीतही हेच शब्द असतात. अर्थ एकच, नंतर रडत येऊ नका.

मी घरी येऊन सौ.ला सांगितलं, "फक्त ९४ हजार मैल!" पण मंडळी, इथेच माझ्यातला इंजिनियर झोपला होता. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिन एकूण किती तास चाललं तेही दिसतं. माझ्या गाडीचे तास होते ६२००. आता भागाकार करा. ताशी सरासरी १५ मैल. कुठलीही गाडी चालताना इतकी सावकाश चालत नाही. म्हणजेच ती निम्मा वेळ उभी होती, इंजिन चालू ठेवून. हिवाळ्यात हीटरसाठी, उन्हाळ्यात एसीसाठी, आणि बारा महिने रेडिओसाठी. पोलीस गाडी रिकामी एक तास चालली की ३३ मैल धावल्याइतकी झीज धरा, असा फोर्डचाच ठोकताळा आहे. चालताना ताशी ३० मैल धरले तर साधारण ३१०० तास ती नुसती उभी होती. त्याचे झाले एक लाख दोन हजार मैल. म्हणजे माझी ‘फक्त ९४ हजार’वाली गाडी प्रत्यक्षात दोन लाखांच्या घरात होती.

घरी आणली तेव्हा तिची अवस्था एखाद्या सामान हलवलेल्या घरासारखी होती. डॅशबोर्डला स्क्रूची भोकं, रेडिओच्या जागी खड्डा, छतावर दिव्यांची पट्टी काढून बसवलेली रबरी बुचं. मागे कडक प्लास्टिकचं बाक, जमिनीला गालिच्याऐवजी रबर, कारण मागचे प्रवासी काय काय सांडतील ते सांगता येत नाही. दारांवरची अक्षरं काढलेली, पण त्याखालचा रंग उन्हाने फिका पडलेला नव्हता. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दारावर ‘पोलीस’ हा शब्द भुतासारखा उमटायचा.

आणि रस्त्यावर? काय सांगू तुम्हाला! हायवेवर मी डावीकडच्या लेनमध्ये गेलो की पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागायचे. बीएमडब्ल्यूवाले सुद्धा साठवर यायचे. सांगलीत एसटी डेपोमागच्या चाळीत वाढलेला मी, कोणी कधी वाट सोडून दिली नव्हती. इथे सगळा हायवे मला वाट देत होता. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ड्रायव्हरच्या बाजूचा सर्चलाइटही मी काढला नव्हता. कायद्याला तो चालतो, असं मी सौ.ला सांगायचो.

मग एक दिवस दोन वर्षांत जे कळलं नव्हतं ते कळलं.

२०१७ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा एसटीत मेकॅनिक होते, सदतीस वर्षं. विमानतळावर गाडी पाहिली आणि जेट लॅग विसरून आधी खाली वाकून चासी बघितली. "वा! एसटीसारखीच आहे की रे. खाली चासी, वर बॉडी." एसटी महामंडळ चासी विकत घेऊन दापोडीच्या आपल्या कार्यशाळेत वर बॉडी बांधतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं आणि मूठ कानाला. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, "इंजिन चांगलं आहे. ज्यांनी वापरली त्यांनी ऑइल वेळेवर बदललंय. गाडी मैलांनी म्हातारी होत नाही बाबा, हयगयीने होते."

जुलैमधला शनिवार होता. नव्वदच्या वर तापमान. आम्ही तिघं इंडियन ग्रोसरीला गेलो. आई-बाबा मागे बसले होते, कारण पुढच्या सीटवर मुलीची कार सीट दुकानात परत द्यायला ठेवली होती. मी म्हटलं, "तुम्ही बसा, दोन मिनिटांत दही आणि कोथिंबीर घेऊन येतो." किल्ली खिशात घातली आणि गेलो. आत लाइन मोठी. त्यात एक जुना मित्र भेटला. दोन मिनिटांची वीस झाली.

तुमच्यातले चाणाक्ष लोक ओळखून चुकले असतील. पोलीस गाडीची मागची दारं आतून उघडत नाहीत. हँडल दिसतं, पण त्याचा कुलपाशी संबंध नसतो. मागच्या काचाही मागून खाली होत नाहीत. मला हे माहीत होतं! पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. ‘करू कधीतरी’ या यादीत ते काम दोन वर्षं पडून होतं. आम्ही दोघं पुढे बसणारे, मुलीला आम्हीच बाहेरून काढायचो, त्यामुळे कधी अडलंच नाही.

मी बाहेर आलो तेव्हा आई डोळे मिटून मागे रेलली होती, घामाने चिंब. तिला मधुमेह आहे. बाबा हाताच्या मुठीने काचेवर मारत होते. मी दार उघडलं, आईला सावलीत बसवलं, पाणी दिलं, दुकानातल्या मुलाने ज्यूस आणून दिला. दहा-पंधरा मिनिटांत ती सावरली. देवाची कृपा. पुढच्या सीटवरून बाहेर पडायचा बाबांनी प्रयत्न केला होता, पण त्यांचे गुडघे आणि मध्ये ती कार सीट. जमलं नाही.

मी "सॉरी बाबा, सॉरी आई" करत होतो. बाबा रागावले नाहीत. बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर, चहा झाल्यावर म्हणाले, "अरे, गाडीला कुलूप नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही, बाहेरून कोणीही उघडू शकलं असतं."

"तेच म्हणतोय मी. पाच-सहा माणसं जवळून गेली. मी काच ठोकली, हात जोडले. प्रत्येकाने बघितलं. कोणी दार उघडलं नाही रे."

मंडळी, मला तेव्हा लख्खपणे समजलं की त्या माणसांना काय दिसलं असेल. पांढरी क्राऊन व्हिक्टोरिया, सर्चलाइट, दारावर अर्धवट पुसलेलं ‘पोलीस’, आणि मागच्या सीटवर बसून काच ठोकणारी दोन सावळी माणसं. त्यांना वाटलं, पकडलेले आहेत. आणि पोलिसांनी पकडलेल्या माणसासाठी दार कोण उघडतं? ती माणसं वाईट नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नजर वळवून पुढे गेलो असतो. माझ्या आई-वडिलांना कैदी कोणी केलं होतं, तर मी. माझ्या हौसेने.

त्यानंतर मला इतर गोष्टीही आठवायला लागल्या. आमच्या ऑफिसजवळ एक टाको विकणारा ट्रक उभा असतो. संध्याकाळी तिथे बांधकामावरची मंडळी हसत-खिदळत जेवत असतात. मी एकदा तिथे गाडी लावली आणि एकदम शांतता पसरली. दोघं जण हातातलं खाणं टाकून चालू पडले. तेव्हा मला गंमत वाटली होती, घरी येऊन मी ती विनोद म्हणून सांगितलीही होती. आज वाटतं, त्या माणसांची दिवसभराच्या कष्टानंतरची अर्धा तासाची चैन मी फुकट घालवली. मी स्वतः इथे व्हिसावर आलेला. पोलिसांची गाडी मागे लागली की छातीत काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी तीच धडकी दुसऱ्यांच्या छातीत भरवत मी दोन वर्षं फिरत होतो, आणि त्याला छंद म्हणत होतो.

सोमवारी सकाळी बाबा तयार होऊन बसले होते. "चल, जुन्या बाजारात." इथला जुना बाजार म्हणजे जंकयार्ड. क्राऊन व्हिक्टोरियाचं एक बरं असतं. पोलिसातून निवृत्त झालेल्या बऱ्याच गाड्या पुढे टॅक्सी व्हायच्या, आणि टॅक्सीची मागची दारं आतून उघडावीच लागतात. तिथे एक पिवळी टॅक्सी शेवटच्या घटका मोजत पडली होती. तिच्या दारांच्या आतली हँडलपासून कुलपापर्यंतची जोडणी आम्ही काढून आणली. अठ्ठावीस डॉलर. दुपारभर बाबांनी गॅरेजमध्ये दोन्ही दारं उघडून ते काम केलं. मी फक्त पाने हातात देत होतो, लहानपणी डेपोत द्यायचो तसे. संध्याकाळी त्यांनी आईला मागे बसवलं, दार लावलं आणि बाहेरून म्हणाले, "आता तू उघड." आईने उघडलं. तीन वेळा उघडायला लावलं.

मग सर्चलाइट निघाला. त्याची भोकं बुजवली. आणि मग प्रश्न आला रंगाचा. पांढरा नको, काळा तर नकोच. बाबा म्हणाले, "लाल दे." कसला लाल? त्यांनी फोनमधला डेपोचा जुना फोटो काढून रंगाऱ्यापुढे धरला. तो मेक्सिकन रंगारी म्हणाला, हा बसचा रंग आहे. बाबांना इंग्रजी फार येत नाही, पण ‘बस’ कळलं. म्हणाले, "येस! येस!"

तर मंडळी, बाहेर जी टोमॅटोसारखी लालभडक गाडी उभी आहे, तिच्या रंगाचं रहस्य हे असं आहे. आमची मुलगी तिला लालपरी म्हणते. आता हायवेवर कोणी वाट देत नाही, उलट हॉर्न वाजवतात. टाकोवाल्याकडे मात्र मला नावाने ओळखतात.

कोणाला घ्यायचीच असेल तर अनुभवाचे चार शब्द सांगून थांबतो.

एक, मैलांबरोबर इंजिनचे तास बघा आणि मघाचा भागाकार करा. त्या गावाच्या खात्याकडून दुरुस्तीच्या नोंदी मागा. सरकारी खातं असल्यामुळे नोंदी बहुधा असतात.

दोन, कुलपं बदला. पुष्कळ खात्यांनी सगळ्या गाड्यांना एकच किल्ली चालेल अशा गाड्या घेतल्या होत्या. आमच्या एका मेळाव्यात माझ्या किल्लीने दुसऱ्याची गाडी उघडली आणि सुरूही झाली. तो गृहस्थ निवृत्त पोलीस होता. हसला म्हणून बरं.

तीन, या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे आहे. हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या पोलीस गाड्यांना मागून भरधाव गाडी धडकून आग लागण्याच्या घटना घडल्या होत्या आणि त्यात पोलिसांचे जीव गेले. त्यानंतर २००२ मध्ये फोर्डने पोलीस गाड्यांच्या टाकीजवळ संरक्षक कवचं बसवून द्यायला सुरुवात केली. जुनी गाडी घेताना ती बसवलेली आहेत ना, हे खाली वाकून बघा. आणि हायवेच्या कडेला विनाकारण थांबू नका, गाडी कुठलीही असो.

चार, ताकद मागच्या चाकांना असते. आपल्या हिवाळ्यात स्नो टायर हवेतच. मी डिकीत वाळूच्या दोन पिशव्याही ठेवतो. शहरात गॅलनला चौदा-पंधरा मैल मिळतात. त्याबद्दल सौ. स्वतंत्र भाषण देऊ शकतील.

पाच, लाल-निळे दिवे, सायरन, अक्षरं यातलं काहीही ठेवू नका. नियम राज्यागणिक थोडे वेगळे आहेत, पण पोलीस असल्याची बतावणी करणं सगळीकडे गुन्हाच आहे. जुन्या गाड्या हुबेहूब पूर्वीसारख्या करून प्रदर्शनात नेणारे हौशी लोक आहेत. ते दिवे आणि अक्षरं रस्त्यावर झाकून नेतात. त्यांचं मला कौतुक आहे.

आणि सगळ्यात आधी, मागची दारं. गाडी घरी आणली त्याच दिवशी. ‘करू कधीतरी’ नको.

बाबा आता सांगलीला असतात. प्रकृती बरी आहे. दर रविवारी व्हॉट्सॲपवर फोन होतो. आईशी बोलून झालं की बाबा फोन घेतात आणि म्हणतात, "बॉनेट उघड, जरा ऐकव." मी गॅरेजमध्ये जातो, लालपरी सुरू करतो आणि फोन इंजिनजवळ धरतो. गेल्या रविवारी म्हणाले, "बेल्ट बदलायला आलाय." मी मेकॅनिककडे नेली. बेल्ट खरंच बदलायला आला होता.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! बाहेर कोणाला चक्कर मारायची असेल तर जरूर या. मागे बसलात तरी चालेल, दार आतून उघडतं.